लूमच्या खटखटीत आवळलेलं हेड

अप्पांचा हात चुकूच शकत नाही, हे मी त्या उन्हाळ्यात इतक्या जणांना तावातावानं सांगितलं की माझा घसा बसला. अप्पा म्हणजे माझे वडील. बुऱ्हाणपूरला शनवारा भागातून आत वळलं की पॉवरलूमची गल्ली लागते, तिथंच आमचं गॅरेज. पुढे शटर, मागे घर, डावीकडे लूमचा कारखाना, उजवीकडेही लूमचा कारखाना. दिवसभर खटखट, खटखट. आमच्या घरात कोणी हळू बोलत नाही ते त्यामुळेच. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, तुम्ही सारखे भांडता का? नाही हो बाबा, चहा घेणार का विचारतोय आम्ही.

मी अप्पांच्या हाताखाली शिकले. पोरीनं इंजिन उघडायचं म्हणजे काय, असं म्हणणारे पुष्कळ होते, आणि त्यांच्याच गाड्या मी उघडल्या आणि चालू करून दिल्या. पण एक काम अप्पांनी कधी माझ्या हाती दिलं नाही, ते म्हणजे हेड आवळणं. इंजिनचा खालचा ठोकळा तो ब्लॉक, त्यावरचं जाड झाकण ते हेड, आणि दोघांच्या मधे पातळ गॅस्केट. हेड सगळीकडून सारखं आवळलं गेलं नाही तर गॅस्केट जळतं, पाणी तेलात उतरतं आणि तेलाचा रंग थेट दुधाच्या चहासारखा होतो. "हे हाताचं काम आहे," अप्पा म्हणायचे, "तुझा हात अजून गरम आहे." म्हणजे मी चिडकी. बरं, आहे मी चिडकी.

तर त्या उन्हाळ्यात अप्पांनी आवळलेल्या दोन गाड्या परत आल्या. दोन्हींत तेलाचा चहा. एका गाडीवाल्यानं भर गल्लीत सांगितलं, "म्हाताऱ्याचा हात गेला आता." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला असं काही सुनावलं की शेजारचे लूमवाले मशीन सोडून दारात आले. तू गाडीत पाणी घालत नाहीस, तू घाटात गाडी रगडतोस, तुझंच चुकलं! तो गेला, पण बोललेलं गल्लीत राहिलं. गिऱ्हाईक हायवेवरच्या मोठ्या गॅरेजकडे वळायला लागलं. आम्ही शटर उघडून रस्त्याकडे बघत बसायचो.

एका दुपारी जेवताना अप्पा म्हणाले, "अजून एक इंजिन करतो. तेही परत आलं तर शटर खाली. कायमचं." आईनं वाढता वाढता त्यांच्याकडे बघितलं. मी म्हटलं, काय अभद्र बोलता! पण अप्पा एकदा बोलले की बोलले. गॅरेज चालणार की बंद पडणार, ते त्या एका इंजिनावर येऊन ठेपलं.

ते इंजिन आलं शाहपूरहून. केळीवाल्या घरातला तरणा गडी, डिझेल गाडी, आणि गाडीचं वेड. इंदूरला जाऊन इंजिनात जादा हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवून आला होता. गाडी उडायला लागली, पण असीरगढचा घाट चढताना इंजिनातला दाब इतका वाढायचा की हेडच उचललं जाऊन पाणी बाहेर फेकायचं. कंपनीचे बोल्ट पुरे पडेनात. म्हणून त्यानं ऑनलाइन जाडजूड स्टड मागवले होते. डबा उघडला तर एकेक स्टड फोममध्ये असा निजवलेला, जसा सोनाराकडे दागिना. सोबत चोपडायच्या वंगणाची पुडी आणि घड्या घातलेला इंग्रजी कागद.

"अप्पा, शुक्रवारी सकाळी गाडी पायजे," तो म्हणाला. "खंडव्याला मुलगी बघायला जायचं आहे. और एक बात, हेड तुम्हीच आवळायचं. दीदी, बुरा नका मानू."

बुरा नका मानू म्हणे! मी हातातलं फडकं बाकावर आपटलं. अप्पा मात्र मान खाली घालून स्टड हातात फिरवत बसले. नंतर म्हणाले, "शुक्रवारी दुपारी ने ना. सकाळी आवळतो."

"नाही अप्पा, सकाळी निघायचं आहे, बारा वाजता तिकडे पंगत आहे."

"बरं," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मला विचित्र लागला. मला वाटलं, भूक लागली असेल.

काम मी सुरू केलं. बोल्ट आणि स्टड यात फरक आहे. बोल्ट आवळताना अख्खा पिळवटत खाली जातो. स्टड आधी ब्लॉकमध्ये उभा राहतो, जागचा हलत नाही, फिरतो तो फक्त वरचा नट, म्हणून ताण सरळ बसतो. पण त्यासाठी ब्लॉकची भोकं लख्ख पाहिजेत. मी एकेका भोकात टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून ते साफ केले, कॉम्प्रेसरची हवा मारली, चिंधी घालून पुसलं, परत हवा मारली. तळाशी थेंबभर तेल किंवा पाणी राहिलं तर आवळताना त्याला जायला वाट नसते आणि ब्लॉक तडकतो. मग स्टड हातानं फिरवत बसवले. हातानंच, जोर न लावता, तळाला टेकेपर्यंत. हे सगळं त्या कागदावर होतं आणि मी तो अप्पांना वाचून दाखवला.

आवळायच्या भागापाशी आल्यावर मी मुद्दाम मोठ्यानं वाचलं. कारण अप्पांचा शगुन. आमच्याकडे लग्नाच्या पाकिटाला वर एक रुपया चिकटवतात, केळीवाला फणी मोजून झाल्यावर वर दोन केळी टाकतो, तसा अप्पांचा नटावर शगुनाचा एक झटका असायचा. पाना लावायचा, आवळायचा, आणि वर एक छोटा झटका. चाकाच्या नटाला ठीक आहे. आख्खं बुऱ्हाणपूर ओळखतं तो झटका.

"अप्पा, इथं शगुन नाही," मी म्हटलं. "ठरवलेला जोर लागून टॉर्क पाना टक् करून वाजला की हात काढायचा. वर एक धागासुद्धा नाही. स्टड ताणला जाईल, नाहीतर ब्लॉकचे आटे उपटून येतील."

"अगं हो, कळलं ना मले."

"शपथ घ्या."

"तुझ्या आईची."

"मी कशाला मधे?" आई आतून ओरडली.

गुरुवारी हेड बसवलं. गॅस्केट ठेवलं, मी आणि अप्पांनी दोन बाजूंनी हेड धरून स्टडवर अलगद उतरवलं, वायसर ठेवले, नटांच्या आट्यांना वंगण चोपडलं. अप्पांनी नेहमीसारखं ब्लॉकला कुंकवाचं बोट लावलं, उदबत्ती ओवाळली. आता फक्त आवळायचं. मी टॉर्क पाना पुसून त्यांच्या हातात दिला.

अप्पांनी तो बाकावर ठेवला. "लाईट जाऊ दे," ते म्हणाले.

मी बघतच राहिले. लाईट जायची वाट बघणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. उन्हाळ्यात दुपारी लाईट जाते, सगळा गाव शिव्या घालतो, आणि हे म्हणतात जाऊ दे!

"अप्पा, पंखा बंद पडेल. घामाच्या धारा लागतील."

"लूम थांबतील. डोकं शांत राहतं."

"इतकी वर्षं लूमच्या खटखटीतच काम केलं ना? आज काय झालं डोक्याला?"

"मग उद्या करू. शुक्रवारी लूम बंद असतात."

"उद्या सकाळी गाडी द्यायची आहे!"

ते बसून राहिले. नेमकी त्या दिवशी लाईट जाईना. अप्पा दर थोड्या वेळानं मान वर करून बल्बकडे बघायचे. आईनं आतून चहा आणला, तो प्यायले. मग पाणी प्यायले. मग बिडी शोधली, जी त्यांनी कधीच सोडली आहे. शेवटी माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पाना उचलून त्यांच्यापुढे धरला. "आवळता का मी आवळू?"

अप्पा उठले.

मधून सुरुवात करायची आणि बाहेर जायचं, हा क्रम त्यांना झोपेतही पाठ. पहिला फेरा हलका. पाना लावला, ओढला, वर छोटा झटका. मी ओरडले, "शगुन!" ते म्हणाले, "चुकून गेला." दुसऱ्या नटालाही गेला. तिसऱ्यालाही. मी दात खाऊन गप्प बसले, म्हटलं हलका फेरा आहे, अजून बिघडलं नाही काही. शेजारी लूम धडधडत होते, पाना वाजल्याचा आवाज येणं शक्यच नव्हतं. पण तो आवाज ऐकायला लागतच नाही. पाना वाजतो तेव्हा दांडा हातात किंचित मान टाकतो. मला तर शेजारी उभं राहून तो हललेला दिसत होता.

दुसरा फेरा जास्त जोराचा. मधला नट. मला दिसलं, दांड्यानं मान टाकली. अप्पा ओढतच होते. म्हटलं घातला शगुन! पण हा झटका नव्हता, हे ओढणं होतं. नट फिरत होता. अजून फिरत होता. अप्पांची नजर नटावर नव्हतीच. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"अप्पा!" मी त्यांच्या दंडाला धरून मागे खेचलं. "काय करून राहिले तुम्ही! शपथ घेतली ना! ब्लॉक फोडता का त्या पोराचा? शटर बंदच करायचं आहे ना तुम्हाला, मग सरळ करा की, दुसऱ्याचं इंजिन कशाला मारता!"

अजूनही बरंच बोलले. जे तोंडाला येईल ते. आणि बोलता बोलता मला वायसरवर लाल दिसलं. नटांवर लाल, पान्याच्या दांड्यावर लाल. माझा पारा आणखी चढला. "आणि हे कुंकू! वंगणात कुंकू कालवलं! किती वेळा सांगितलं, हात पुसून—"

मी बोटानं पुसलं. ते ओलं होतं. चिकट होतं.

अप्पांच्या अंगठ्याच्या मुळाशी मोठी चीर पडली होती. पाना ओढताना हेडची कड लागली असणार. रक्त तळव्यावरून मनगटापर्यंत आलं होतं, तिथून नटांवर टपकत होतं, आणि अप्पा पाना धरून शांतपणे उभे होते, मी कशाला किंचाळतेय ते त्यांना कळत नव्हतं.

"वाजला का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचा हात उचलून त्यांच्याच डोळ्यांपुढे धरला. त्यांनी बघितलं. आई गं नाही, काही नाही. दुसऱ्या कोणाचा हात बघावा तसं बघितलं, आणि मग पटकन लेंग्याला पुसायला लागले.

"अप्पा, हाताला कळत नाही तुमच्या?"

ते पुसतच राहिले. मग म्हणाले, "बोटांची टोकं गेली होती आधी. थंडीत. मले वाटलं गारठ्यानं. मग वर सरकत गेलं. लाईट नसली की पान्याचा आवाज येतो ना, मग जमतं. लूम चालू असले की..." त्यांनी खांदे उडवले. "मग अंदाजे एक झटका जास्त देतो. कमी पडायला नको."

म्हणजे शगुन! ज्याला आख्खं गाव शगुन म्हणत होतं, तो या वर्षी शगुन राहिलाच नव्हता. परत आलेल्या दोन्ही गाड्यांचं हेड कधी आवळलं होतं, ते मी आठवायला लागले आणि लगेच सोडून दिलं. लूम चालू होते, दुसरं काय असणार. आणि मी त्या गाडीवाल्याला गल्लीत उभा चिरला होता.

आई दारात येऊन उभी होती. माझ्याकडे न बघता ती अप्पांच्या अंगठ्याला चिंधी बांधायला लागली, जशी काही तिला सवयच होती. होतीच. रोज सकाळी ती त्यांच्या सदऱ्याची बटणं लावायची, ते मी बघत होते आणि थट्टा करत होते की म्हातारपणी नवरदेव लाडात आला. शुगरच्या गोळ्या ती द्यायची, ते मावा जलेबी खाऊन यायचे, दोघांची त्यावरून जुंपायची, आणि मी मधे पडून दोघांना हसायचे. हात गेल्याचं तिला माहीत होतं!

"मला का नाही सांगितलं?" मी आईवर ओरडले.

"शपथ घातली होती त्यांनी," आई म्हणाली. "तू गॅरेज बंद केलं असतं."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर म्हणाले, शुगर सांभाळा. गेलं ते परत येईलच असं नाही."

मी बाकावर बसले. मला अप्पांचा राग येत होता. इतका राग की रडू येत होतं. नुसतं इंजिन असतं तर ठीक, पण याच हातांनी हा माणूस गरम रेडिएटरचं झाकण उघडत होता, ग्राइंडर धरत होता, आणि मी शेजारी उभी राहून गाणी लावत होते!

मग उठले. कोणता नट किती ताणला गेला ते सांगता येत नव्हतं, म्हणून सगळे सैल केले. हेड उचललं. दाबलं गेलेलं गॅस्केट फेकलं आणि दुकानातून नवीन आणलं. एकेक स्टड काढून काचेवर लोळवला, सरळ आहे का बघायला. व्हर्नियर लावून प्रत्येकाची लांबी मोजली. ब्लॉकचे आटे परत तपासले. काही गेलं नव्हतं. थोडक्यात वाचलं. परत सगळं पुसलं, रक्त पुसलं, परत हवा मारली.

हेड बसवल्यावर अप्पा स्टूल ओढून शेजारी बसले. "मधला," ते म्हणाले. मी आवळला. दांड्यानं मान टाकली, मी हात काढला. "आता त्याच्या समोरचा." मी आवळला. "सावकाश ओढ. झटके नको देऊ." मला हसू आलं, पण मी हसले नाही. ते क्रम सांगत गेले, मी आवळत गेले, शेवटच्या फेऱ्यापर्यंत. लूम चालूच होते. माझा हात अजिबात गरम नव्हता. बर्फ होता.

शुक्रवारी सकाळी शाहपूरचा गडी इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी आधीच गाडी रेणुका मातेच्या देवळापर्यंत फिरवून आणली होती, बॉनेट उघडं होतं, इंजिन तापलेलं होतं आणि छान एका सुरात चाललं होतं. लूम बंद असल्यानं गल्ली इतकी शांत होती की ते सगळ्यांना ऐकू येत होतं. लूमवाले ओट्यावर चहा पीत बसले होते. म्हाताऱ्याचा हात गेला, हे गल्लीभर करणारेही त्यात होते. मोठ्यानं बोललेलं इथं आज प्रत्येकाच्या कानावर जाणार होतं.

"क्या बात है," तो म्हणाला. "अप्पांनीच आवळलं ना?"

"हो," मी म्हटलं. पापणीसुद्धा लवली नाही माझी. रात्रभर तेच ठरवलं होतं. आवळलंय नीट, गाडी परत येणार नाही, नाव अप्पांचं राहील. कोणाच्या बापाचं काय जातं?

"नाही," अप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडे डोळे वटारले. त्यांनी बघितलंच नाही.

"हिनं आवळलं. मले आता हाताला कळत नाही. त्या दोन गाड्या माझ्यामुळे परत आल्या."

ओट्यावरच्यांनी चहाचे कप खाली ठेवले. शाहपूरचा गडी हसला. "काय अप्पा, सकाळी सकाळी मस्करी."

"मस्करी नाही बेटा."

"अप्पा, दीदीचं नाव करायला बोलता तुम्ही. तुमच्या हाताला कळत नाही असं कसं होईल?"

अप्पांनी काय केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. ते पुढे झाले, बॉनेटखाली वाकले आणि टर्बोमधून धूर घेऊन खाली उतरणाऱ्या तापलेल्या लोखंडी पाइपवर चार बोटं ठेवली. ठेवली आणि तशीच धरून त्या मुलाच्या तोंडाकडे बघत राहिले. चेहऱ्यावर एक रेघ नाही. चर्र आवाज झाला. मी झडप घातली, त्यांचा हात ओढला, तर कातडी पाइपला चिकटून राहिली. मी किंचाळले. कोणीतरी ओट्यावरून पाण्याची बादली घेऊन धावलं. तो मुलगा पांढराफटक पडून दोन पावलं मागे गेला होता.

"आता कळलं?" अप्पा त्याला म्हणाले. अगदी साध्या आवाजात.

बादलीत हात बुडवून मी त्यांना धरून ठेवलं. मला जे येत होत्या त्या सगळ्या शिव्या मी अप्पांना दिल्या, गल्लीसमोर, आणि ते ऐकत राहिले. तो मुलगा किल्ली हातात घेऊन उभा होता. मग माझ्याकडे वळला. "दीदी," तो म्हणाला, "गाडी थोडी चालल्यावर नट परत बघावे लागतील का?"

"थंड इंजिनवर," मी म्हटलं. "पुढच्या शुक्रवारी आण."

"आणतो," तो म्हणाला आणि गेला.

डॉक्टरांकडून येऊन आम्ही गॅरेजमध्येच बसलो. शटर उघडं होतं. रस्त्यावरून एक रिक्षावाला जाता जाता थांबला आणि त्यानं मला विचारलं, हेडचं काम आज बघता का. मी म्हटलं, उद्या. अप्पांनी ते ऐकलं आणि मान हलवली. आईनं मलम माझ्याकडे दिलं. मी अप्पांचा तळवा माझ्या मांडीवर घेतला. एकेका बोटाला, फोड फुटणार नाही अशा बेतानं, मलम लावलं. मग लावायला काही उरलं नाही तरी हात सोडवेना, म्हणून मी तो दोन्ही हातांत धरून बसले. किती तरी वेळ. अप्पा रस्त्याकडे बघत होते.

"काय गं," ते तिकडेच बघत म्हणाले, "लावते आहेस ना? मी हात पुढे केला आहे केव्हाचा."